कुंपणाआडची पाणपोई

प्रिय विनीत,

तुझे फोन मी घेत नाहीये, ते मुद्दाम. फोनवर तू बोलतोस आणि मी ऐकते, ही आपली सवयच झाली आहे. शिवाय तुझा आवाज ऐकला की मी विरघळते, आणि सध्या मला विरघळायचं नाहीये. मी तुझ्यावर भयंकर चिडले आहे. गिरण्यांच्या संपाच्या वर्षी तुझे बाबा तुला नि मला लालबागला टाकून, न सांगता गावी निघून गेले होते, तेव्हाही इतकी चिडले नव्हते. म्हणून लिहितेय. पत्राला मध्येच तोडता येत नाही.

सूनबाईने, ऋताने, पाणपोईच्या उद्घाटनाची पत्रिका पाठवली. वर कुशाबांचा फोटो. आपल्या भिंतीवरून तो उतरवून मीच तुला दिला होता, काच पुसून, वर्तमानपत्रात गुंडाळून. खाली छापलंय, 'आमच्या वास्तुविशारदांचे पणजोबा'. गिरणीच्या जागी उभ्या राहिलेल्या टॉवरच्या मालकांसमोर तू कुशाबांची गोष्ट सांगितलीस आणि लोक उठून टाळ्या वाजवायला लागले, असं तूच मला सांगितलं होतंस. मी शेजारीपाजारी पेढे वाटले. तू गोष्ट नक्की कुठवर सांगितलीस, हे विचारायचं मला सुचलं नाही.

कुशाबांच्या काळी गिरणीत जातीप्रमाणे पाण्याचे माठ वेगळे होते. साचेखात्यात, म्हणजे विणाईत, धोट्याचा दोरा तोंडाने ओढावा लागायचा, धोटा उष्टा व्हायचा, म्हणून खालच्या मानलेल्या जातींना त्या खात्यात कामच मिळत नसे. कुशाबा साचेखात्यातले आणि त्यांचा मित्र रामू त्या जातींतला, सूतकताईतला. आत काही चालेना, तेव्हा दोघांनी आणखी माणसं जमवून फाटकाबाहेर, रस्त्याच्या कडेला पाणपोई उभी केली. पाथरवटाकडून वर अक्षरं कोरून घेतली, 'पाणी सर्वांचे. जात विचारू नये.' पहिल्या दिवशी रामू प्यायला आणि त्याच्या हातातला तोच पेला घेऊन कुशाबा प्यायले. ही बातमी गावी पोचली. पुढे त्यांची आई वारली तेव्हा गावाने त्यांना वेशीबाहेर उभं केलं, खांदा देऊ दिला नाही. परत आल्यावर ते घरी आले नाहीत. तसेच पाणपोईवर जाऊन पाणी प्यायले, म्हणे, आणि तिथेच बसून रडले. तू लहान असताना ही गोष्ट मी तुला किती वेळा सांगितली असेल! एकदा तू विचारलं होतंस, "मग पणजोबा गावाला सॉरी का नाही म्हणाले?" मला त्या प्रश्नाचा केवढा अभिमान वाटला होता, कारण उत्तरही तूच दिलंस, "चूक गावाची होती ना!"

आता मे महिन्यात काय झालं ते नीट वाच. तुझ्या ऑफिसातल्या त्या राहुलने तुला जे सांगितलं असेल, तसं ते झालेलं नाही.

पाणपोईवरचं बांधकामाचं हिरवं कापड काढलं असं कळलं म्हणून दुपारी मी पाहायला गेले. दगड स्वच्छ झालाय, अक्षरं उठून दिसतात, खोटं कशाला बोलू, ऊर भरून आला. मग लक्षात आलं की मी कुंपणाच्या बाहेर उभी आहे. गिरणी पडली, टॉवर उभा राहिला, तरी पाणपोई रस्त्यावर होती. तू टॉवरचं कुंपण पुढे सरकवून तिला आत घेतलंस. रखवालदाराने मला हटकलं. मी तुझं नाव सांगितलं, तसा त्याने सलाम ठोकला, आत नेलं, खुर्ची दिली आणि सीलबंद बाटली आणून हातात ठेवली. पाणपोईसमोर बसवून मला बाटलीतलं पाणी! तोट्यांतून पाणी पडत होतं, तेच तेच, खालून वर आणि वरून खाली, आणि बाजूला पाटी, 'हे पाणी पिण्यायोग्य नाही.'

तेवढ्यात लक्ष्मी आली. तुला ती आठवत असेलच. मसाला कुटायच्या गिरणीत काम करते, परीक्षेच्या दिवसांत तुला चिंचेचा गोळा आणून द्यायची. मे महिना म्हणजे वर्षाच्या मसाल्याची गर्दी. दिवसभर मिरचीत बसून तिचे डोळे लाल झाले होते. गाडी आत यायला फाटक उघडलं होतं, त्यातून ती सरळ आत शिरली, गेली तीस-पस्तीस वर्षं येते तशी. रखवालदार ओरडत धावला, "ए मावशी, ये पब्लिक के लिए नहीं है!" ती म्हणाली, "बाबा, घसो जळता माझो. एक घोट पिऊंदे." त्याने तिचा दंड धरून मागे ओढलं. तुझ्या त्या गुळगुळीत फरशीवर ती हातावर पडली. आवाज मी ऐकला, विनीत. संपानंतरचं सगळं आयुष्य मी परळच्या हॉस्पिटलात नर्स म्हणून काढलं, मनगट मोडल्याचं मला एक्स-रेशिवाय कळतं. माझ्याच ओढणीने तिचा हात बांधला आणि माझ्या हातातली ती बाटली तिच्या तोंडाला लावली. मला ती बाटली कशामुळे मिळाली होती? तुझी आई म्हणून. कुशाबा याच्याविरुद्ध उभे राहिले होते, आणि मी त्यांच्याच घरातली बाई, नात्याच्या जोरावर पाणी हातात धरून बसले होते.

रखवालदारावर माझा राग नाही. त्या बिचाऱ्याने त्याला दिलेला हुकूम पाळला. माझा राग तू संध्याकाळी फोनवर जे बोललास त्यावर आहे. मला वाटलं, तू विचारशील, लक्ष्मीकाकू कशी आहे? तू म्हणालास, "आई, ती आत गेलीच कशाला? ते वॉटर फीचर आहे." मी म्हटलं, ती पाणपोई आहे. तर म्हणालास, "लोक आले की घाण होते." कोण लोक, विनीत? तुझे बाबा तिथे तोंड धुवून मग घरात यायचे. संपाच्या वर्षी घरात दाणा नव्हता तेव्हा तुला कडेवर घेऊन मी त्या पायरीवर बसायचे, कारण तिथे बसायला कुणाची परवानगी लागत नव्हती. ते लोक म्हणजे आपण. तुझ्या वरळीच्या घराच्या विसाव्या मजल्यावरून आपण ओळखू येत नसू कदाचित.

आणि एवढ्यावर तू थांबला नाहीस. "काकू तुझं ऐकेल. पाय घसरला म्हणून सांग म्हणावं तिला, हॉस्पिटलचं सगळं आम्ही बघतो." हे तू मला सांगितलंस. मी फोन ठेवला तो अजून उचललेला नाही. दुसऱ्या दिवशी राहुल फळांची करंडी घेऊन लक्ष्मीकडे गेला, वर "विनीतसरांनी पाठवलंय" म्हणाला. तिने करंडी दाराबाहेर ठेवली. मला म्हणाली, "सिस्टर, मी पडलंय नाय. माका पाडल्यान. ह्या मी बदलूचंय नाय. पण तुमचो झील म्हणून गप रवतंय." आपल्या मुलाला कुणी तरी दयेपोटी सोडून देतंय, हे ऐकताना कसं वाटतं, ते मी तुला लिहून सांगू शकत नाही.

मी तिला गप्प राहू दिलं नाही. दोघी टॅक्सी मिळेना म्हणून चालतच पोलीस चौकीत गेलो. तिने तक्रार दिली आणि मी डोळ्यांनी पाहिलं ते सांगून सही केली. तिचा हात अजून प्लास्टरमध्ये आहे. मसाल्याच्या मालकाने तिची जागा ठेवली आहे, एका हाताने ती मिरच्यांचे देठ काढते. गल्लीतल्या बायकांनी कुंपणाच्या बाहेर फूटपाथवर माठ मांडलाय. सकाळी तो भरायची पाळी आता माझी असते, आणि तुमचा रखवालदारही तिथेच पाणी प्यायला येतो. परवा त्याने लक्ष्मीच्या पायाला हात लावला. ती त्याला म्हणाली, "पी आधी."

तुला वाटेल, दगड वाचवला हे काय कमी केलं? कमी नाही केलंस. तुझ्याआधीचे वास्तुविशारद तो फोडणारच होते, हे मला माहीत आहे. पण त्या दगडाला मोल कशाचं होतं? नक्षी तर त्याच्यावर नाहीच. कुणीही यावं, काही न सांगता ओंजळ पुढे करावी, एवढंच त्याचं मोल. तेवढंच तू काढून घेतलंस आणि उरलेल्याला दिवे लावलेस. कुशाबांना गावाने वेशीबाहेर ठेवलं. तू त्यांचा फोटो आत लावलास आणि वेस नवी बांधलीस.

आता हे पत्र का, ते सांगते. उद्घाटनाची फीत कापायला मी येणार नाही, हे तू ओळखलं असशीलच. पण सोमवारी पालिकेच्या कार्यालयात सुनावणी आहे. पाणपोई रस्त्याला परत मिळावी, कुंपण मागे जावं आणि प्यायच्या पाण्याची जोडणी पुन्हा द्यावी, असा अर्ज गल्लीने केलाय. अर्जदार म्हणून पहिली सही माझी आहे. तुझ्या नकाशाविरुद्ध. नोटीस तुझ्या ऑफिसात येईल, त्याआधी हे तुला माझ्याकडून कळावं असं वाटलं. तू वकील घेऊन ये, तुझी बाजू मांड, तो तुझा हक्क आहे. मी समोरच्या बाजूला बसेन, लक्ष्मीच्या शेजारी. तिथे मला आई म्हणून हाक मारू नकोस आणि पाया पडायला येऊ नकोस, कारण मग मला बोलता येणार नाही, आणि मला बोलायचंय. आणि त्या खोलीत खुर्च्या ओलांडून तू आमच्या बाजूला येऊन बसलास, तर मी काही विचारणार नाही. सरकून जागा देईन.

तुझीच,
आई