अण्णांच्या चहातल्या गोळ्या

आई,

सकाळी अण्णांना काळी उलटी झाली. त्यांना इथेच, लातुरात दवाखान्यात ठेवलंय. कपडे न्यायला घरी आले, तेव्हा साखरेच्या डब्यामागे गोळ्यांची पाकिटं आणि खलबत्त्यात पांढरी पूड दिसली. तुला फोनवर विचारायचा धीर झाला नाही, म्हणून हा मेसेज.

गोळ्या सुजेवरच्या आहेत; अण्णांना कॅन्सर होऊ नये म्हणून तू त्या चहातून देत होतीस ना? अशा औषधांनी फुप्फुसाचा कॅन्सर टळतो का, याचा अभ्यास चालू आहे, हे खरं. पण अण्णांसारख्या बिडी ओढणाऱ्याला ती रोज द्यावीत, असं अजून ठरलेलं नाही. त्या गोळ्यांनी पोटात रक्तस्राव होऊ शकतो. डॉक्टरांना मी आता सांगतेच; किती दिवस दिल्यास ते तू मावशीकडून आलीस की त्यांना खरं सांग. अण्णांना यातलं काही माहीत नाही.

छातीच्या फोटोत डाग आहे. तो गोळ्यांमुळे नाही. डॉक्टरांना कॅन्सरची शंका आहे. तो कॅन्सरच आहे, याबद्दल मला शंका उरलेली नाही.

खलबत्ता धुऊन ठेवलाय. बस स्टँडवरून सरळ दवाखान्यात ये, डबा आणू नकोस.

अण्णा म्हणत होते, "तुझ्या आईचा चहा लई दिवसापासून कडू लागायलाय. पर बोललं तर तेवढाबी मिळायचा न्हाई." त्यांना तोंडाने काहीच द्यायचं नाही. तरी तुझ्याच हातचा चहा मागताहेत.

तनुजा