सूर्यमाळचा पंप आणि ओळींची टोकं

७ एप्रिल, जव्हार
पंप चालवणारा नवा प्रोग्राम टाकल्यापासून सूर्यमाळचा सौर पंप बंद, आजही. तोच प्रोग्राम माझ्या लॅपटॉपवर बिनबोभाट चालतो. गिटवर, म्हणजे नेटवरच्या कोडच्या साठ्यात, ठेवलेला कोड पुन्हा ओळ न् ओळ वाचला. काही नाही. दुपारी जनाबाईंचा फोन. पाड्यावर पंपाची चावी त्यांच्याकडे असते. रेंजसाठी टेकाडावर चढून बोलत होत्या. "ताई, मी नुसता बटन दाबला. दुसरा काय पन हात नाय लावला." मी काहीच म्हटलं नव्हतं. म्हणजे तिथे कुणीतरी त्यांनाच बोल लावतंय.

९ एप्रिल
दुरुस्ती (कसली, देव जाणे) पाठवली. वाट मागच्या वेळचीच: मी गिटवर चढवायचं, खोडाळ्यात पंपाची देखभाल बघणाऱ्या नीलेशने त्याच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर उतरवायचं, पेनड्राइव्ह घेऊन जीपने वर जायचं. पंपाशी नेट नाही, इलाज नाही. संध्याकाळी नीलेश: "टाकलं. नाय चालला." बायका पुन्हा खालच्या झऱ्यावर, वाटीवाटीने हंडा भरतायत.

१२ एप्रिल
पाड्याची बैठक झाली. जनाबाईंकडून चावी काढून पाड्यावरच्याच सोमनाथला दिली. म्हणे बाईच्या हाताखाली मशीन बिघडतं. पंप बसला तेव्हा चावी घ्यायला यातला एकही पुरुष पुढे आला नव्हता. त्या आल्या होत्या. संताप संताप झाला, आणि माझ्याकडे सांगायला कारणच नाही.

१५ एप्रिल, खोडाळा
स्वतःच आले. गिट बघायचं सोडून नीलेशचा पेनड्राइव्ह तपासला. एरवी न दिसणारी चिन्हं स्क्रीनवर आणली, तर प्रत्येक ओळीच्या टोकाला ^M.

त्याच्या विंडोजवरचं गिट फाईल उतरवताना ओळ संपल्याची खूण विंडोजच्या पद्धतीची, म्हणजे ही ^M जोडून, करून घेतं, चढवताना पुन्हा मूळची करतं. म्हणून गिटमध्ये सगळं कायम स्वच्छ. हा मात्र उतरवलेली फाईल तशीच वर नेत होता, आणि पंपाच्या कंट्रोल-डब्यातलं लिनक्स, ज्याला ही खूण कळत नाही, पहिल्याच ओळीला अडत होतं.

"म्हणजे चूक माझी?" नीलेश.
तुझी कशी? टोकं बदलू नकोस, हे गिटला सांगायचं काम माझं होतं. सेटिंगमध्ये एक ओळ घातली. फाईली पुसून पुन्हा उतरवल्या. ^M गेले. हसू येईना.

१६ एप्रिल, सूर्यमाळ
स्वच्छ फाईल टाकली. सोमनाथने बटण दाबलं. पंप चालू, टाकीत पाणी. सगळा पाडा जमलेला. एक म्हातारा म्हणाला, "बघ. चाबी बदलली नि चालू झाला." सगळ्यांनी माना डोलावल्या.

मी सांगत बसले: ओळीचं टोक, न दिसणारी खूण, विंडोज, पेनड्राइव्ह. पाहुण्याचं ऐकून घेतात तसं ऐकलं. मागून कुणीतरी, "ताई जनाबाईची बाजू घेतंय."

जनाबाई पाण्याच्या रांगेत शेवटी. बाजूला नेऊन म्हटलं, तुमची काही चूक नव्हती. त्यांनी विचारलं, "मंग आता कसा चालला?" पुन्हा सगळं सांगितलं. हंडा या कमरेवरून त्या कमरेवर घेतला. "ऱ्हाऊ दे ताई. माझाच हात वाईट असंल."

मला रडू आलं. त्यांना नाही.

१९ एप्रिल, जव्हार
नीलेशचा निरोप: पंप रोज चालतोय. सोमनाथ खूश.

एक डोक्यात घोळतंय. वर जावं, सगळ्यांदेखत ती ^M वाली फाईल परत टाकावी, सोमनाथच्याच हातून पंप बंद पडू द्यावा. मग चांगली फाईल टाकून जनाबाईंना बटण दाबायला लावावं. तेव्हा तरी पटेल.

नीलेशला बोलले. तो म्हणाला, "आणि पंप थांबंल, तवा जनाबाई तिथंच उभी असंल ना? मग बोल कुनाला लागंल?"