डॅन्यूबचा पूल, एकटीने

अल खफजी, सौदी अरेबिया
१२ मे २००६

ती. आईंस,
स्वप्नाचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर सांगायला ह्यांनी मनाई केली आहे, म्हणून हे पत्र.

बुडापेस्ट पाहून परवा सुखरूप परतलो. आई, केवढी ती नदी! इथे सात वर्षं वाळू आणि खारं पाणीच पाहिलं, त्यामुळे पहिल्या दिवशी आम्ही दोघं नुसते काठावर बसून राहिलो. जेवायला गेलो तर मी इथल्या सवयीने 'फॅमिली'चं वेगळं दार शोधत दहा मिनिटं उभी! ह्यांचं चिडवणं अजून चालू आहे.

तिसऱ्या दिवशी टेकडीवरचा राजवाडा पाहताना ह्यांना दम्याचा झटका आला. पंप एरवी माझ्या अबायाच्या, म्हणजे इथे बाहेर पडताना घालायच्या त्या काळ्या झग्याच्या, खिशात असतो. युरोपात अबाया कशाला, म्हणून तो मी हॉटेलच्या कपाटात टांगलेला, पंपासकट. हॉटेल नदीपलीकडे. टॅक्सी दिसेना, भाषा येईना, ह्यांचे ओठ निळे पडू लागले. बाकावरच्या एका आजीबाईंनी ह्यांचा हात धरला आणि मला खुणेने जा म्हटलं. खफजीत एकटीने रस्ताही न ओलांडलेली मी, पूल ओलांडून धावत गेले नि पंप घेऊन आले. आता हे ठणठणीत आहेत, काळजी नसावी.

लग्नानंतर चौथ्या दिवशी तुम्ही मला चिपळूणच्या बाजारात एकटीला धाडलंत. तेव्हा फार राग आला होता. पण तुम्हीच मला धीट केलंत, हे उपकार कसे फेडू? आजवर केलीत तशीच माया करत राहा.

आपली
स्वप्ना


चिपळूण
३० मे २००६

चि. सौ. स्वप्नास,
अ. उ. आ. वि. वि.

पत्र वाचलं. देवापुढे साखर ठेवली. त्या आजीबाईंना माझं आयुष्य लाभो. सुमीतला म्हणावं, लपवाछपवीची खोड लहानपणापासून आहे ती आहेच.

पण पोरी, तू उपकार मानलेस ते मला पेलवत नाहीत. तुला धीट करायला मी कुठे पाठवलं होतं? मुंबईची सून रस्ता चुकेल, रडत येईल, मग चारचौघींत हसू, म्हणून पाठवलं. तू घासाघीस करून ताजे बांगडे घेऊन आलीस. माझ्या तोंडून कौतुकाचा एक शब्द निघाला नाही. इतकी वर्षं ते मनात सलत होतं.

तू होतीस म्हणून आज माझा मुलगा आहे. वर सवयीने आशीर्वाद लिहून गेले, पण शेवट तसा करायला हात धजत नाही. वयाने मोठी असले तरी लिहिते.

तुला माझा नमस्कार.

आनंदीबाई