कोबीखालची ताई

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (कंबर धरली आहे, त्यामुळे तूर्त मनातल्या मनात.) तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजींचा खोकला? सात वर्षांत तुझं एका ओळीचं उत्तर नाही, म्हणजे सगळं ठणठणीत असणार असं मी धरून चाललो आहे.

माझं मात्र कशातच चित्त लागत नाही. कलादालनाच्या बाईंनी माझ्या चाळीस वर्षांच्या चित्रांचं प्रदर्शन ठरवलंय. दर भिंतीला एक कालखंड: आधी माणसं, मग भाजीपाला, मग बंद दारं, शेवटी नुसता निळा रंग. "ही स्थित्यंतरं कशी आली?" असं विचारतात आणि वही उघडून बसतात. आता काय सांगू, कप्पाळ? माणसं सोडली, कारण ती हलतात. भाजी सोडली, कारण तुझी भावजय ती संध्याकाळी चिरून टाकायची. (अर्ध्यावर राहिलेल्या वांग्याला बाईंनी 'अपूर्णतेचं चिंतन' म्हटलंय.) दारं काढली, कारण पाय मोडून तीन महिने दारासमोर पडून होतो. निळ्याचं म्हणशील, तर दुकानदाराने लाल पाठवलाच नाही.

घोडं अडलं ते पहिल्याच भिंतीशी. जुन्या कॅनव्हासवर पांढऱ्या रंगाचा हात मारून त्यावरच पुढचं चित्र काढायची माझी खोड तुला ठाऊक आहे. (नको तितकी ठाऊक आहे. नव्या व्याही-विहिणींना कौतुकाने स्वतःचं चित्र दाखवायला आणलंस आणि चौकटीत कोबीचे दोन गड्डे निघाले, तेव्हापासून तू बोलणं टाकलंस. भाऊजी "साम्य आहे" म्हणाले, त्यात माझा काय दोष?) सगळी माणसं अशी भाजीखाली गेलेली. म्हणून काल सकाळी कोबी खरवडायला घेतला. एक पान निघालं, उठलो, येरझाऱ्या घातल्या, चहा केला, तो न पिताच परत बसलो. दुपारी तुझा कान सापडला, डुलासकट! आनंदाने असा ओरडलो की सुरी आरपार गेली. आता कोबीही नाही आणि तूही नाहीस, भोकातून मागची भिंत दिसते. बायको म्हणाली, "आता तरी बहिणीला पत्र लिहा."

ताई, चाळीस वर्षं विषय बदलत वणवण केली, पण तू तासन्‌तास मला रागावत समोर बसायचीस, तेव्हा जमलं तसं चित्र पुन्हा जमलं नाही गं. चुकलो मी. कोबीसाठी तुला पुसायला नको होतं.

तुझा,
धाकटा

ता. क. पुढच्या आठवड्यात चार दिवस समोर येऊन बसशील का? पहिली भिंत तेवढी भरेल. हललीस तरी चालेल.

ता. क. २. पाकीट चिकटवणार तोच बाई येऊन गेल्या. भोक बघून त्यांचे डोळे पाणावले. पहिल्या भिंतीवर तेच लावायचं म्हणतात. तेव्हा तुला बोलवायला आता काही सबब उरलेली नाही. तू नुसती ये.