टँकरच्या पाण्यानं धुतलेल्या नळ्या

मंगळवार, १९ एप्रिल १९८३

डोकं फिरलंय. तेर गावच्या बाळंतिणीच्या रक्तातलं जंतूंचं विष तीनदा मोजलं, तिन्ही वेळा जास्तच. रक्तदाब सावरत होता, तरी मोठ्या डॉक्टरांनी लागू पडलेलं औषध बदललं. पेशंटकडं बघायचं सोडून तपासणीच्या नळीकडं बघतात! आज ती पुन्हा तापानं फणफणली.

चिडून मी तसल्याच नळीत माझं रक्त तपासलं. त्यातही विष! नळ्या धुतल्या कशानं? सिस्टर म्हणाल्या, "टँकरच्या पाण्यानं. पण चांगल्या उकळल्या की!" उकळून जंतू मरतात, विष नळीला चिकटून राहतं. ओव्हनमध्ये कोरड्या भाजायला हव्या होत्या.

जुनं औषध पुन्हा सुरू केलंय. तिच्या सासूनं विचारलं, "डाक्टर, बरी व्हत व्हती की, मग असं का झालं?"

म्हणालो, "पाणी खराब आहे, मावशी."

सिस्टरवर ओरडलोही. नळ्या उकळा, असं मीच सांगितलं होतं.