बाटलीतला शेवटचा घोट

अवो पूजाचे आजोबा,

तुमचं नाव उभ्या जन्मात घेतलं न्हाई, आता मेल्यावर कशाला घेऊ? उद्या तुमचं वर्षश्राद्ध. फळी पुसताना तुमची पोटाच्या औषधाची बाटली घावली. तळाला एक घोट हाय. म्हनून केडगावहून आलेल्या नातीला म्हनलं, बस, लिही.

औषध म्हनं! दारूत कडूजहर काडेचिराईताच्या दोन काड्या टाकायच्या आन जेवनाआधी झाकनभर घ्यायचं. “अन्न पचतं गं.” मला अक्षर येत न्हाई, पन नाक हाय की! दुसऱ्याच दिवशी मी त्यात मूठभर काड्या कोंबल्या. तुमचं तोंड काय झालं हुतं! डोळ्यांतनं पानी.

“गुन आला का?” मी इचारलं.

“लई!” तुमी म्हनला. दुसरं म्हननार काय? दारू हाय म्हनून कबूल कोन करनार? तवापासनं वर्सानुवर्सं तुमी कडू गिळत गेला, मी मूठ वाढवत गेले. मला लई गोड वाटायचं ते.

मग गेल्या वर्सी एका सकाळी तुमी पोट धरून बसला. “आज काढा नको गं, आत आग पडलीया.” मला वाटलं, नाटक. कडू चुकवायला बघताय. शेजारनीला हाक मारली, म्हनलं, ये, तमाशा बघ. आन तिच्यादेखत काड्यांचं पानी पेलाभर पाजलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तुमी वाकला हुता आन आमी दोघी हसत हुतो.

तिसऱ्या दिवशी नगरला नेलं. डॉक्टर म्हनला, पोटातली जखम फुटली, लई उशीर केला. त्यानं इचारलं, “बाबा, काय घेत हुता?” तुमी माझ्याकडं बघितलं. “काय न्हाई. साधा काढा. बायकोच्या हातचा.”

सांगा आता! कुनाला वाचवलं, मला का बाटलीला? वरीस झालं, हेच इचारतेय. मरताना तरी खरं बोलायचं हुतं! सगळा दोष माझ्या काढ्याच्या माथी मारून गेला. का मला वाचवाया तसं बोलला म्हनू?

आजून एक. म्हैनाभर माझ्याबी पोटात तशीच आग हाय. लेकाला सांगते, वारा धरलाय. आन रोज सकाळी तेच काड्यांचं पानी पिते. तुमाला पाजलं तेवढंच, पेलाभर.

हितं पूजानं लिहायचं थांबवलं, म्हनली, “आजी, म्हैनाभर? कुनाला बोलली का न्हाईस?”

“रडू नगं, कागद भिजंल. लिही आधी, हे बी लिही.”

तर ऐका. बाटलीतला तो घोट मी आत्ताच मोरीत वतला, उद्या तुमच्या पानाशेजारी ठेवनार न्हाई. रुसायचं तर रुसा. नैवेद्य दाखवला की पूजासंगं नगरला जाते. डॉक्टरानं इचारलं तर सगळं सांगंन. माझ्या मुठीचं बी आन तुमच्या बाटलीचं बी. एवढ्यात तिकडं येत न्हाई, वाट बघू नका.

तुमाला हसत कडू पाजनारी,
पूजाची आजी
(अंगठा माझाच हाय.)