वेलांटीच्या कमरेवरचा प्रकाश

नांदेड, ४ फेब्रुवारी २०१९

चि. चंद्रप्रभा हीस अ. उ. आ.

किल्लारीला भूकंपानंतर आमची शाळा पत्र्याच्या शेडात भरायची. पोरं कविता म्हणायची आणि छपरावर लिंबोळ्या पडायच्या, टप... टप. पंचवीस वर्षांनी तोच ठेका आज ऐकला. डॉक्टरांच्या यंत्रातून येत होता, आणि टेबलावर तुझी कुत्री वेलांटी आडवी पडली होती.

लातूरहून इथवरच्या प्रवासात तिला त्रास झाला नाही. मागचे पाय अजून उचलत नाही. आमचा नातू आलोक तिला चादरीत उचलून नेतो. डॉ. आरती भोकरची, कुत्र्यामांजरांची डॉक्टर. कमरेचे सांधे झिजलेत म्हणाली. लेझर म्हटल्यावर मला वाटलं, कापाकापी. तसं काही नाही गं. एक दांडी, टोकाला लाल ठिपका. ती कमरेवरून दहा मिनिटं गोल गोल फिरवायची. खरा औषधी प्रकाश तर डोळ्यांना दिसतच नाही म्हणे. न दिसता आत दुखण्यापर्यंत पोचतो. मी भारावून गेलो. हाडं नवी होणार नाहीत, पण वेदना उतरेल, हे तिने आधीच स्पष्ट सांगितलं.

खोलीत सगळ्यांना गडद चष्मे, वेलांटीलासुद्धा. रिक्षावाला संगप्पा म्हणाला, गुर्जी, कुत्रं चष्मा लावून राहिलंय, अन् मला नंबर काढाया सवड न्हाई.

फोनवर तू पुरतं ऐकून घेत नाहीस, म्हणून लिहिलं. तिची काळजी माझ्यावर सोड आणि जेवत जा.

तुझा दादा, रेणुकादास

लातूर, ८ फेब्रुवारी

ती. दादा यांस शि. सा. न. वि. वि.

पत्र दोनदा वाचलं. कुत्रीच्या आजारातही तुम्हाला कविताच ऐकू येतात.

माझ्याकडे ट्यूशनची चौदा पोरं जेवायला आहेत आणि बारावीचे पेपर तोंडावर. मला हलता येत नाही, आणि इथे वेलांटीची रिकामी गोणपाटाची घडी उचलवत नाही. इथल्या डॉक्टरांनी तिला कायमचं झोपवायची सुई द्यायचा सल्ला दिला होता, तुमच्या शब्दाखातर थांबले. पण तिला नुसतं दुखत ठेवायचं नाही. महिनाअखेर ती आपणहून उठली नाही, तर मी येईन आणि तिचं डोकं माझ्या मांडीवर असताना सुई द्यायची.

सोबत दिलेला आंबेहळदीचा लेप तेलात कालवून रोज लावता ना? तुमचा हात मोडला तेव्हा आईने हाच लावला होता.

लोभ आहेच, तो वाढता ठेवा.
चंद्रप्रभा

नांदेड, १६ फेब्रुवारी

चि. चंद्रप्रभा हीस अ. उ. आ.

आज खाली मान घालून लिहितो. चार वेळा लेझर झालं, फरक शून्य. काल डॉ. आरतीने केस बाजूला करून बघितलं आणि विचारलं, हे पिवळं काय? डॉक्टरकडे न्यायचं म्हणून मी निघायच्या आधी तिला छान पुसून, वर तुझा लेप चोळत होतो. आरतीला वाटायचं, मूळ कातडीच पिवळट. तो थर प्रकाश वरच अडवतो आणि कातडी तापते. नशिबाने थोडी लालीच आली. ती उतरेपर्यंत लेझरची एक फेरी हुकली. गृहपाठ न केलेल्या पोरासारखा मी उभा.

दोष तुझा नाही. आरती रागावली, पण मग स्वतः कोमट पाण्याने तिची कंबर धुतली. असे हात मी कमी बघितलेत. एवढंच मागतो, तुझी तारीख थोडी पुढे ने.

दादा

लातूर, २० फेब्रुवारी

ती. दादा, शि. सा. न.

लेप माझाच होता. पण चुकलो आपण, म्हणून कळ तिने का सोसायची? तारीख तीच. अठ्ठावीसला येते. पोरांना त्या दिवशी डबा बाहेरून आणायला सांगितलंय.

आरतीताईंना माझा नमस्कार. माझ्यावर राग धरू नका.
चंद्रप्रभा

नांदेड, २६ फेब्रुवारी

चि. चंद्रप्रभा हीस अ. उ. आ.

खोटं लिहिणार नाही. स्वच्छ कमरेवर चार फेऱ्या झाल्या. आता ती झोपेत कूस बदलते आणि कण्हत नाही. कमरेला हात लावला तर पूर्वी दात दाखवायची, आज माझा हात चाटला. पण उठलेली नाही. आरती म्हणते, अजून पंधरा दिवस द्या. दोनच उरलेत. तू आलीस की मी अडवणार नाही, पण टेबलावरचं तिचं शांत तोंड एकदा...

बाहेर रिक्षा थांबली. वेलांटीने कान टवकारलेत. पुढचे पाय रोवले. चंद्रप्रभा, ती मागचा भाग वर ओढतेय. एकदा घसरली. पुन्हा. आलोक उचलायला धावला, मी त्याला हातानेच थांबवलं.

उभी आहे. दाराकडे निघाली, एक एक पाऊल.

आलोकने कडी काढली. दारात तू आहेस, दोन दिवस आधीच, डोळे सुजलेले. ती तुझ्या पायांत शिरलीय. कंबर थरथरतेय तिची, पण खाली बसत नाही.